पद्माकर सर आणि मूठभर तूस

अंजूरकडच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी पाचवीचा वर्ग रिकामा होता. मुलं मागच्या नाल्यावर, आणि त्यांच्या मधोमध विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पद्माकर सर उभे. मुलांना मोकळं सोडून वेळ काढणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले होते. माझा पारा चढला. सरांनी शांतपणे माझ्या हातावर मूठभर भाताचं तूस ठेवलं आणि म्हणाले, "बाई, सोडा पाण्यात. ते जाईल तिकडं आपण जायचं."

हीच सरांची शिकवण्याची रीत. 'पाणी वाचवा' असं त्यांनी फळ्यावर कधी लिहिलं नाही. तरंगत्या तुसामागे मुलं घरांच्या मागून, बांधांवरून चालत गावाखालच्या पाणथळीला पोहोचायची. पावसाचं पाणी इथे थांबतं, मुरतं, म्हणून खाडी एवढी जवळ असून काठची विहीर गोड राहते, हे सर तिथेच उभे राहून सांगत.

एका वर्षी तूस मध्येच अडलं. पुढे ताज्या मातीचा भराव होता.

"सर, पानी फुडं जात न्हाय. ही माती कोनी टाकली?" एका मुलीने विचारलं.

भराव सरांच्या थोरल्या भावाने, दादांनी, गोदामासाठी घातला होता. जमीन दोघांची सामाईक. मी घाईघाईने विषय बदलणार होते, पण सर म्हणाले, "आमीच टाकली. जागा आमच्या घरची हाय."

सरांनी घरी विषय काढला तेव्हा दादांनी विचारलं, "तुला शाळेचा पगार हाय. माज्या पोरांनी काय खायाचा?" प्रश्न खोटा नव्हता. सरांनी रस्त्याकडची आपल्या वाट्याची उंच जमीन दादांना दिली, पाणथळ स्वतःकडे घेतली आणि भराव काढायला लावला. गावाने त्यांना वेड्यात काढलं, दादांनी अबोला धरला. खरं सांगायचं तर मलाही सरांचा राग आला होता. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. पण घरी एवढं रामायण चालू असताना, मला भिवंडीची रिक्षा मिळेपर्यंत सर रोज नाक्यावर थांबत. माणसावर रागावून तरी किती दिवस राहणार?

पुढे रस्त्याकडे दादांचं गोदाम उभं राहिलं. तिथले हमाल उन्हाळ्यात पाणी भरायला येतात ते पाणथळीकाठच्या त्याच विहिरीवर. दादा ते बघत असणार, बोलत नव्हते इतकंच.

सर निवृत्त झाले तरी तूस सोडायला येतातच. गेल्या महिन्यात आम्ही मुलांना घेऊन गेलो, तर वळणावर प्लास्टिकचा ढीग अडकलेला, आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून एक म्हातारे गृहस्थ काठीने तो मोकळा करत होते. ते दादा होते. सरांकडे न बघता ते म्हणाले, "जाव दे पोरांचा तूस फुडं." सर विजार दुमडून त्यांच्या शेजारी पाण्यात उतरले. माझे डोळे भरून आले.

सर, एकसष्टीच्या मनापासून शुभेच्छा. ठणठणीत राहा, भरपूर जगा. तुमच्या पंच्याहत्तरीलाही चपला हातात घेऊन तुमच्यामागे चिखलातून यायला मी तयार आहे. त्या दिवशी तूस मात्र दादांच्या हातून सोडू या.