ट्रकवरचं नाव

काल गेटला ऑइलपेंट दिला. त्या वासानं मी थेट नारायणगावात, आमच्या तमाशाच्या राहुटीसमोर जाऊन उभी राहिले.

नव्वदीतलं ते साल आमच्या फडाला चांगलंच मानवलं. नवी कनात आली, जनरेटर आला, कळंबपासून डिंभ्यापर्यंतच्या जत्रांच्या सुपाऱ्या मिळाल्या आणि शेवटी घरचा ट्रक आला. पेंटरनं त्यावर माझ्या वडलांचं, आबांचं नाव रंगवलं. तमाशात मालकाच्या नावापुढं ‘सह’ लिहून दुसरं नाव घालतात. ते चुलत्यांचंच असणार, असं सगळे धरून चालले होते.

“हिचं घाल,” आबा आईकडं बघत म्हणाले. “लोक हिलाच बघाया येत्यात.”

“खरं हाय, दादा,” चुलते हसले.

आईला वाचता येत नव्हतं. “ह्यात मी कुठं हाय?” तिनं विचारलं. आबांनी दाखवलं. तिनं ओल्या अक्षरांवर अंगठा टेकवला आणि रंग फिसकटला.

“आई, खराब केलंस की!” मी ओरडले. पेंटर ब्रश घेऊन पुढं झाला. आबांनी त्याला थांबवलं.

हंगामभर तो ठसा गावोगाव फिरला. मला लाज वाटायची. आता वाटतं, नाव पेंटरनं लिहिलं, सही मात्र आईनं केली.