ऐकणारी एक

फोन असो की माईक, बोलण्याआधी ते नखानं त्यावर दोनदा टकटक करायचे. पहिला मोबाइल घेतला तेव्हाही तेच केलं आणि आमची अख्खी कॉम्प्युटर लॅब हसली. ते गंभीरच. "बोलाच्या आधी वाट मोकली हाय का, बघाला नको?"

भिवंडीच्या आमच्या कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असला की लाउडस्पीकर त्यांचाच. गाव मानकोलीजवळचं. घरातली भातशेती तुकड्यातुकड्यानं गोदामांना गेली, यांनी मात्र साउंडचा धंदा सोडला नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, स्टेजमागे वायर गुंडाळत असणारी, एकाही फोटोत नसणारी. भाषण सुरू झालं की ते शेवटच्या रांगेमागे जाऊन कानाला हात लावून उभे राहत. "आवाज पोचला पायजे, मॅडम. बाकी सगला नंतर."

एकदा कार्यक्रम नसताना आले. म्हणाले, "इंटरनेटवरून आवाज जातो म्हणं, तवाच्या तवा. परदेशात पन?"

"जातो. कशाला हवाय?"

"पोरीसाठी." त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. घरी न सांगता लग्न करून ती मस्कतला गेली, तेव्हा यांच्या थोरल्या भावानं ठरवून टाकलं की तिचं नाव काढायचं नाही, फोन करायचा नाही. "मी तवा काय बोल्लो न्हाय," ते म्हणाले. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नांत धवल्याची गाणी म्हणून विधी लावणारी. लहानपणीच आई गेलेल्या या नातीला तिनंच वाढवलं होतं. "आयचा आवाज तरी ऐकंल. तो काय फोन न्हाय ना?"

मी लॅबमधून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर दिला. मिक्सर त्यांचा. भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर आवाज पाठवणारं सॉफ्टवेअर मी बसवलं. तिथून लिंक उघडेल त्याला तो ऐकू येणार. नवीनच आलेल्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग इतका कमी, की आवाजाचा दर्जा उतरवत उतरवत न्यावा लागला. "आय पत्र्याच्या डब्यात बसून गाते," ते कळवळून म्हणाले. पण आवाज अडखळत नव्हता. लोडशेडिंग सांभाळून वेळ ठरली, सकाळी अकरा ते एक. म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत गुणगुणायची, तिथं माईक लावला. घरात सांगितलं, टेस्टिंग चाललंय.

पहिल्याच आठवड्यात गोदामाचा पाया खणताना जेसीबीनं टेलिफोनची केबल तोडली. तीन दिवस लाइनमन आला नाही. तिन्ही दिवस ते खड्ड्याच्या काठावर, तुटलेलं टोक राखत बसून होते.

लाइन आल्यावर मी मुलीला लिंक मेल केली. किती जण ऐकताहेत तो आकडा स्क्रीनवर दिसायचा. चौथ्या दिवशी शून्याचं एक झालं. मी तिथंच होते. त्यांनी माईक उचलला, टकटक केली आणि नुसते उभे राहिले.

"बोला ना," मी म्हटलं.

"काय बोलू?" त्यांनी माईक परत आईजवळ ठेवला.

पुढे तीन महिने तो एक रोज आला.

मग आई गेली. सूप पुढ्यात असतानाच कलंडली. घर माणसांनी भरलं. जन्मात कधी माईक बंद करायला विसरला नव्हता त्या माणसालाही त्याचं भान राहिलं नाही.

नवव्या दिवशी मला मुलीचा मेल आला. 'आजी पडली ते मी ऐकलं. रडणं ऐकलं. पोरीला कळवायचं का, असं मोठ्या काकांनीच विचारलं. बाबा म्हणाले, नको. मी ऑफिसात हेडफोन लावून बसले होते. आता मी ऐकणार नाही. बाबांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.'

मी सांगितलं. बरोबर केलं की चूक, मला आजही कळत नाही.

"सगला ऐकला तिना?"

"हो."

"भाऊ समोर होता, मॅडम. तोंडातून गेला. वाटला, मागनं तुमच्याकडून कळवीन." मग विचारलं, "माझा 'नको' साफ ऐकू गेला असंल ना?"



त्यांच्या वतीनं मी तिला तीन मेल लिहिले. उत्तर आलं नाही. तरी अकरा ते एक त्यांनी चालूच ठेवलं. एका सकाळी मी लॅबमधून लिंक उघडली. पंखा, रस्त्यावरचे ट्रेलर आणि त्यांचा आवाज. ते बोलत होते. "जेवलीस का गो? आज बोंबलाचा कालवण केलाय." मध्येच थांबले. माझ्यामुळे आकडा एक झाला होता.

"पोरी?"

मी घाईनं पान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम कॉलेजात आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "काल आलती. दोनच मिनिटं, पन आलती." मला खरं सांगायचं होतं. मी चहा मागवला.

दीड वर्षानं ते गेले. बाराव्यानंतर थोरला भाऊ लॅबमध्ये आला. याआधी तो कधी आमच्या कॉलेजची पायरी चढला नव्हता. "तिचा पत्ता हाय ना तुमच्याकडं? बाप गेला म्हणून सांगाला पायजे."

मी मेल लिहिला. दोन मिनिटांत मेल परत आला. तो पत्ता आता अस्तित्वातच नव्हता.

"दुसरा कुठला?"

"नाही."

मुलं तासाला आली, तास संपवून गेली. भाऊ खुर्चीत तसाच बसून होता.