‘आपलीच हाय’चे भाषांतर

पैठणच्या पुढे नाथसागराचे पाणी ओसरले की मागे उरणाऱ्या जमिनीला एक वास असतो: ओला, किंचित आंबूस, उन्हात सुकणाऱ्या शेवाळाचा. त्या गाळावर लोक हरभरा, ज्वारी पेरतात. या पेऱ्याला इकडे गाळपेर म्हणतात. जमीन धरणासाठी कधीच संपादित झालेली, म्हणून सातबारा सरकारचा. पीक मात्र पेरणाऱ्याचे, पाणी परत येईपर्यंत.

त्या काठाने एक रस्ता व्हायचा होता आणि त्यासाठी राज्याने एका आंतरराष्ट्रीय बँकेकडून कर्ज घेतले होते. कराराच्या अटींत एक कलम होते: जमिनीवर मालकी नसली, तरी जो ती वापरून पोट भरतो त्याला बाधित मानावे, आणि भरपाईसाठी त्याची नोंद होईपर्यंत काम सुरू करू नये. बँकेच्या पाहणी पथकासोबत मला दुभाषी म्हणून जायचे होते, म्हणून शहरातल्या, औरंगपुऱ्यातल्या घरी मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचले. आयुष्यभर कविता शिकवली. पण एका ‘तरी’वर इतके काही पेलणारे वाक्य क्वचितच वाचनात आले होते. आमच्या कचेऱ्यांच्या भाषेत अशा माणसाला एकच नाव होते, अतिक्रमणधारक.

पथकाच्या प्रमुख एक परदेशी बाई होत्या. राज्याच्या बाजूने आलेले एक अधिकारी त्यांच्या शेजारून चालत होते. वाटेत हरभऱ्याच्या तुकड्यात एक बाई वाकून घाटे तोडत होती. घाट्यांवरची आंबट आंब लागून तिची बोटे पांढुरकी पडली होती. प्रमुखबाई थांबल्या. त्यांचा प्रश्न मी मराठीत विचारला, ही जमीन कुणाची?

ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि दारी आलेल्या कुणालाही म्हणावे तसे अधिकाऱ्यांकडे पाहून म्हणाली, “आपलीच हाय की, सायेब. बसा.”

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. “झालं. आपली म्हणजे सरकारची. तिनंच सांगितलं. एवढंच सांगा त्यांना, मॅडम.”

आपली म्हणजे माझी, आपली म्हणजे तुमची, आपली म्हणजे दोघांची. आणि पुष्कळदा यांतले काहीच नाही, नुसते आदरातिथ्य. ‘तुमची’ म्हणावे तर ती नोंदीतून कायमची गळणार. ‘माझी’ म्हणावे तर तिने न केलेला दावा मी करणार. समोरच्या भाषेत तिन्ही अर्थ सामावणारा शब्द नव्हता. मी तसेच सांगितले, तिन्ही अर्थ, आणि पुन्हा विचारण्याची परवानगी मागितली.

दुभाष्याने स्वतःचे प्रश्न विचारायचे नसतात, असे अधिकारी हलक्या आवाजात म्हणाले. ते खरेच होते. प्रमुखबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, आणि तोच प्रश्न स्वतःच्या नावाने पुन्हा विचारायला मला सांगितले.

आपल्या एका शब्दाला इथे वजन आले आहे, हे एव्हाना त्या बाईला उमगले होते. शेजारच्या तुकड्यातून दुसरी म्हणाली, “बसा म्हणलीस ना, आता जेवू बी घाल पाव्हण्याला.” कुणी हसले नाही. पेऱ्याची परवानगी दर हंगामात याच अधिकाऱ्यांच्या कचेरीतून येत असे. त्यांच्या तोंडावर ‘माझी’ म्हणावे तर पुढची परवानगी जाणार. ‘सरकारची’ म्हणावे तर हा तुकडा रस्त्याखाली फुकट जाणार. पाण्याकडून एक टिटवी ओरडत गेली.

“कुणाची ते मला नाय सांगता यायचं,” ती सावकाश म्हणाली. “कसते मी. पाणी हटलं की मीच येते. माझ्याआधी सासू यायची.”

मी श्वास न घेता भाषांतर केले. प्रमुखबाईंनी लिहून घेतले. अधिकारी पाण्याकडे पाहत राहिले.

परतीच्या जीपमध्ये, शहर जवळ आल्यावर अधिकाऱ्यांनी एवढेच विचारले, “मॅडम, आपण नेमक्या कुणाच्या बाजूच्या?” त्या ‘आपण’मध्ये आदर होता की धार, मला ठरवता आले नाही.

बँकेने पुढचा हप्ता अडवला. गाळपेर करणाऱ्यांची मोजणी आधी, असे राज्याला कळवले गेले. राज्याने ते मान्य केले, पण आदेश निघेस्तोवर पावसाळा उलटला आणि धरण भरले. मोजणीसाठी दुसऱ्या खेपेला मी काठावर उभी राहिले तेव्हा हरभऱ्याच्या जागी पाणी चमकत होते. मोजणीदार फीत हातात धरून म्हणाला, पाण्याखालचं काय मोजू? ज्यांचे मोजता येत नाही त्यांच्यापुढे ‘निरंक’ लिहा, आज यादी बंद करायची आहे, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

हरभऱ्यातली ती बाईही काठावर होती. तिने ते ऐकले. लुगडे वर खोचले आणि ती पाण्यात उतरली. गाळ तिचे पाऊल धरून ठेवत होता, सोडताना चोखल्यासारखा आवाज येत होता. गुडघे बुडाले, मग मांड्या, मग कंबर. ती पायाने बांध चाचपत होती. एकदा तोल गेला, तो तिने सावरला.

“बाई, मागं या,” अधिकारी ओरडले. तिने वळूनही पाहिले नाही. आणखी थोडी पुढे जाऊन ती थांबली, तिरपी झाली, पाय घट्ट रोवला आणि एक हात वर केला.

“हा कोपरा,” ती म्हणाली. “आण फीत.”

मोजणीदाराने अधिकाऱ्यांकडे पाहिले. मग त्याने वाकून चपला काढल्या.