वहिनींची अंधारी खोली

कारखान्याच्या कँटीनमधली बटाट्यांची खोली थोरल्या वहिनींच्या ताब्यात होती. मी तिच्या दाराबाहेर बसून भाजी चिरायचो. नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळे हे सांगावं की नाही, असं अजूनही वाटतं.

खोलीत दिवा नव्हता. खिडकीला गोणपाट. फळ्यांवर न धुतलेले, मातीसकट बटाटे पसरलेले. रोज सकाळी वहिनी अंधारातच त्यांच्यावरून हात फिरवायच्या आणि मऊ किंवा ओलसर लागेल तो बाहेर काढायच्या. कांद्याला आत मज्जाव. "कांदा शेजारी आला की बटाट्याला कोंब फुटतात," म्हणायच्या. दार उघडण्याआधी सगळ्यांनी टकटक करायची. "उजेड लागला की हिरवे पडतात, भाऊजी."

ते खरंच होतं. पण जेवणं उरकली की कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांवर वहिनी अर्धा तास पाय पसरायच्या, हेही खरं होतं. पहाटे पाचपासून उभ्या, गुडघे सुजलेले. त्या अर्ध्या तासावर त्यांचा उरलेला दिवस चालायचा.

नव्या सुपरवायझर साहेबांना अंधाराचा संशय आला. त्यांनी ट्यूब बसवली. "ही कायम चालू राहील."

"बरं, साहेब," वहिनी म्हणाल्या. इतका गरीब आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

साहेब वळताच वहिनींनी एका पोत्यातले बटाटे बरोबर ट्यूबखाली मांडले. बाकीच्यांवर जाड गोणपाट घातलं.

"वहिनी, हे काय?"

"साहेबांना दिसायला नकोत का? तुम्ही आपलं चिरा."

दहा-बारा दिवसांनी साहेब आले, तर समोरच हिरवे बटाटे.

"कच्चे आहेत का हे?"

"नाही, साहेब. तुमच्या उजेडात रंगलेत. कडू लागतात, पोटही बिघडतं. चिरायला घेऊ? पहिलं ताट तुमचंच असतं."

साहेबांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. हिरवे बटाटे माळ्याने लावायला नेले, वाया एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर साहेब पुन्हा दाराशी. आतून चांगलं घोरणं ऐकू येत होतं.

"टकटक करावी लागते, साहेब," एवढंच मी बोललो.

त्यांनी टकटक केली. घोरणं थांबलं.

"कोण ते? थांबा, बटाट्यांवर पांघरूण घालते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या विळीकडे.

"किती वेळ लागतो पांघरूण घालायला?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्धा तास, साहेब."

ते घड्याळ बघून निघून गेले. पुढेही खोली तपासायला नेमाने यायचे, फक्त तेवढा अर्धा तास सोडून.