दिलसुखनगरात एकटीनं चालताना

हैदराबादची नोकरी घ्यायची की नाही, हे ऑफिसपर्यंत स्वतः चालून पाहिल्यावरच ठरवायचं, असं मी घरी सांगून टाकलं. मला दिसत नाही. पांढरी काठी आणि रस्ता बोलून सांगणारा फोन एवढ्यावर मी नांदेडात फिरते. पण तिथली गल्ली न् गल्ली पायाखालची. दादा म्हणाला, "मी येतो." मी अट घातली, मागे राहायचं आणि बोलायचं नाही.

रेल्वेनं काचीगुडा, तिथून ऑटोनं मलकपेठ. तिथं आमची आत्या राहते. सकाळी इडली वाढताना ती म्हणाली, "ऑटो कर ना गं, कायको परेशानी?"

"रोज जायचंय आत्या. रस्ता माझा मलाच कळायला हवा."

मेट्रोनं दिलसुखनगरला उतरले. दादा ठरल्याप्रमाणे मागे. माझ्यासारख्यांना एक सल्ला: इअरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान रस्त्याला लागतो. फोन म्हणाला, सरळ चला. फुटपाथवर मांडलेल्या चपला आणि आडव्या लावलेल्या स्कूटर त्याला कुठून ठाऊक असणार? काठीनं त्या चुकवत निघाले.

मग काठीचं टोक खाली गेलं ते टेकेचना. खोदलेला खड्डा! फोनचं आपलं चालूच, सरळ चला. डावीकडून बसचे हॉर्न. दादाला मारायची हाक ओठांवर आली, ती गिळून उभी राहिले.

"रुको बाजी, आगे गड्डा है!" शेजारच्या फळवाल्यानं माझं मनगट धरून ओढलं.

"भैया, हाथ नक्को पकडो. मैं आपकी कोहनी पकडती."

तो जरा थबकला. "हौ, पकडो." त्याच्या कोपराला धरून मी खड्ड्याला वळसा घातला.

थोडं पुढे गेल्यावर फोननं जाहीर केलं, तुम्ही पोहोचलात. दार कुठलं, ते मात्र सांगितलं नाही. मी शिरले ती थेट कोचिंग क्लासात. शिकवणं थांबलं. एका मुलीनं हसत शेजारचं गेट दाखवलं.

ऑफिसच्या पायरीवर बसले, तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. "खड्ड्यापाशी तुला धरणारच होतो."

"मग?"

"तू थांबलीस."

त्याचा आवाज ओला होता.

नांदेडला परतलो. फोन किती चुकला, याचा हिशेब मनात चालू आहे. तो दिशा देतो. थांबायचं कुठे आणि विचारायचं कुणाला, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. तरी मी नोकरीला होकार कळवला.

आईनं दादाला विचारलं, "मग हिला सोडायला तू जाशील ना?"

"जाईन," दादा म्हणाला. "नांदेड स्टेशनपर्यंत."