लिहीन, पत्ता देऊन ठेवा

फुलपाड्यात रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडणारी माणसं पुष्कळ आहेत. 'रिक्षा' या शब्दावरून भांडलेला माणूस मात्र एकच, आणि तो आमच्या घरात आहे. माझे चुलत सासरे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. रिक्षा हा शब्द 'रक्षा'वरून आला असल्यामुळे आत बसलेल्याचं रक्षण करणं हे चालकाचं भाषिक कर्तव्य आहे, असं त्यांनी विरार स्टेशनपासून त्या बिचाऱ्याला समजावायला घेतलं. तो इतका मन लावून ऐकत होता की आमची गल्ली मागे टाकून थेट मनवेलपाड्यात पोचला. मी बाजूलाच पिशव्या धरून बसले होते. तात्या मला म्हणाले, "बघ सूनबाई, ज्ञानाने माणूस किती पुढे जातो."

तात्या काही शास्त्री-पंडित नव्हेत. उभा जन्म एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्यांनी गुडघ्यांना तेल चोळायला घेतलं, यांनी टपालाने संस्कृत शिकायला घेतलं. तीन परीक्षा दिल्या, तिन्ही पास झाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातल्या एकाही वस्तूला स्वस्थता लाभलेली नाही. मिसळ समोर आली की आधी 'मिश्र' आठवायचं, मग खायची. तोवर तिच्यातली शेव मऊ. चादर, कुकर, मिक्सर, सगळ्यांची चौकशी झाली. पाव 'पावक' म्हणजे अग्नीवरून आला, कारण तो भट्टीत भाजतात, हा त्यांचा लाडका शोध. वसई गावातून सायकलवर पाव घेऊन येणारा माणूस एकदा न राहवून म्हणाला, "अंकल, तो पोर्तुगीज शब्द आहे. आमचे फादर सांगतात." तात्या म्हणाले, "आणि पोर्तुगीजांना कुणी सांगितला, तेवढं फादरना विचारून ये." तो पुढचे आठ दिवस आमच्या इमारतीत आलाच नाही. मला विचाराल तर शब्द कुठून आला यापेक्षा पाव येतोय की नाही हे महत्त्वाचं. पण मला कोण विचारतंय?

तात्यांचं हे साम्राज्य असं बिनविरोध चालू असताना आमच्या वरच्या मजल्यावर सिस्टर राहायला आल्या. सिस्टर म्हणजे रुग्णालयातल्या. तिरुनेलवेलीकडच्या, तरुणपणी नर्स म्हणून वसईला आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. मराठी अस्खलित, पण शिकलेली सगळी पेशंटांकडून. आणि पेशंट सगळे किनाऱ्यावरचे नि मिठागरांवरचे, त्यामुळे सिस्टर 'पानी' म्हणत, 'लोनी' म्हणत, 'कोन आहे' म्हणत. तात्यांनी पहिल्याच भेटीत ही चूक दाखवून दिली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "माझ्या भाषेत तीन प्रकारचे न आहेत. त्यातला इथे कुठला वापरायचा, ते पेशंटनी ठरवलं. त्यांना दुखत होतं, मी वाद घातला नाही."

एवढ्या बोलण्यावर दुसरा माणूस जिना उतरून गेला असता. तात्या वर चढून गेले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांचा वाद सुरू व्हायचा. कधी सिस्टरांच्या गॅलरीत, कधी आमच्या जेवणाच्या टेबलाशी, म्हणजे मी तिथे भाजी निवडत असताना. तात्यांचं म्हणणं एकच: तमिळ ही संस्कृतची मुलगी. जरा हट्टी आहे, पण मुलगीच. सिस्टर म्हणायच्या, "मुलगी नाही, शेजारीन. हजारो वर्षांची. शेजारनीच्या घरात आपल्या चार वाट्या असतात, आपल्या घरात तिच्या चार वाट्या असतात. म्हनून काय ती आपल्या पोटची होते?"

तात्या खिजवायचे, "क, ख, ग, घ चारही तुम्ही एकाच अक्षराने लिहिता. एका कामगाराकडून चौघांचं काम करून घेता, हे शोषण आहे." सिस्टर म्हणायच्या, "आनि आमच्याकडे ल-ळ मिळून तीन आहेत. तुमच्या संस्कृतात ळ कुठे आहे?" जुन्या ऋचांत आहे, असं तात्या पुटपुटले, पण पुढे कुठे गेला ते त्यांना सांगता येईना. मग तमिळमधला तो तिसरा, जीभ मागे वळवून म्हणायचा ळ आपल्याला आलाच पाहिजे म्हणून त्यांनी आरशासमोर उभं राहून सराव केला. चौथ्या दिवशी कवळी बेसिनमध्ये पडली. ती मी काढली. सिस्टरांना सांगू नकोस, एवढंच ते म्हणाले. पण कवळी तोंडात नसल्यामुळे ते वाक्य मला दोनदा ऐकावं लागलं.

सिस्टर त्यांना 'तात्ता' म्हणत. तात्यांना वाटे, परप्रांतीय बाई आहे, 'त्या' म्हणताना अडखळत असेल. शिवाय 'तात' हा शुद्ध संस्कृत शब्द, तेव्हा ते खूश. तमिळमध्ये तात्ता म्हणजे आजोबा, हे त्यांना दोन वर्षांनी कळलं. तात्यांचं वय चौऱ्याहत्तर, सिस्टरांचं अडुसष्ट. त्या दिवशी तात्या पाच वाजता वर गेले नाहीत. साडेपाचला गेले. 'सिस्टर' हा शब्द 'स्वसृ' म्हणजे बहिणीच्या नात्यातला आहे, आणि बहिणीने भावाला आजोबा म्हणणं कुठल्याच व्याकरणात बसत नाही, असं सांगून आले. सिस्टर म्हणाल्या, "बरं तात्ता."

हे सगळं बिघडलं सोसायटीच्या गणपतीत. तात्यांनी कार्यकारिणीच्या मागे लागून लागून एक व्याख्यान मिळवलं होतं: 'संस्कृत, सर्व भाषांची जननी'. कंडक्टर असताना गर्दीला पुढे सरकवणारा माणूस, माइक हातात आल्यावर काय थांबणार? पाऊण तासानंतर त्यांनी श्रोत्यांना आव्हान दिलं की संस्कृतने बाहेरून घेतलेला एक तरी शब्द दाखवा. मागच्या रांगेतून सिस्टर म्हणाल्या, "नीर. आनि मीन. दोन्ही आमच्याकडून गेले असं जानकार म्हनतात."

"म्हणजे संस्कृतला पाणीसुद्धा तुमच्याकडून आणावं लागलं?" तात्या म्हणाले.

"तात्ता, फुलपाड्यात राहून पान्याचा उगम काय विचारता? आलं की भरून घ्यायचं."

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. सगळी सोसायटी इतकी हसली की सेक्रेटरींच्या हातातलं आरतीचं ताट डगमगलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? तात्यांनी माइक खाली ठेवला आणि घरी गेले. व्याख्यानाचा शेवट झालाच नाही.

त्यानंतर तात्या सिस्टरांशी बोलले नाहीत. पाच वाजता ते टेबलाशी बसत, शब्दकोश उघडत आणि एकही पान न उलटता सहा वाजता मिटत. मी सांगून पाहिलं, "तात्या, विनोद होता तो." म्हणाले, "विनोद झाला, पण उत्तर द्यायचं राहिलं." सिस्टरही दोनदा खाली येऊन गेल्या, तेव्हा तात्या डोळे मिटून जप करत असल्याचं दाखवत. तात्यांनी आयुष्यात कधी जप केलेला नाही. अशात एक दिवस सिस्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की धाकट्या बहिणीला आता एकटीला झेपत नाही, म्हणून त्या फ्लॅट सोडून कायमच्या गावी चालल्या आहेत. एकवीस दिवसांनी. मी घरी येऊन तात्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "कायमच्या म्हणाल्या?" मी म्हटलं, "हो." मग त्यांनी जेवताना भात परत वाढून घेतला नाही. बोलायला वर मात्र गेले नाहीत. एकवीस दिवसांतले वीस असेच गेले.

सामान बांधायला मी वर जात होते. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना सिस्टरांनी एकदाच विचारलं, "तात्ता रागातच राहनार काय?" मी म्हटलं, "तुम्ही जा, मी बघते त्यांच्याकडे." आणि पुढचा पेला कागदात गुंडाळायला घेतला.

निघायच्या सकाळी त्या दारात आल्या. खाली त्यांचा भाचा टॅक्सीत बॅगा चढवत होता. तात्या शब्दकोशात डोकं घालून बसलेले. सिस्टर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "पत्तिरमा इरुंग, तात्ता."

तात्यांनी मान वर केली नाही. पण बोलले. म्हणाले, "लिहीन. पत्ता देऊन ठेवा."

सिस्टर क्षणभर गोंधळल्या. माझ्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. मग आत येऊन माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि त्याच्या मागे, केसपेपरवर लिहावा तशा सुटसुटीत देवनागरीत, आपला पत्ता लिहून दिला.

तात्यांना ऐकू जरा कमी येतं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. म्हणून पोस्टकार्डं. पहिल्या कार्डावर व्याख्यानाचं राहिलेलं उत्तर होतं. ते एका कार्डात मावलं नाही म्हणून तीन लागली. सिस्टरांचं उत्तर एका कार्डात, त्यातही खाली जागा शिल्लक. तात्यांची नजर आता अधू झाली आहे, तेव्हा आलेली कार्डं मी वाचून दाखवते. चाललेलं असतं तेच: मयूर कुणाचा, चंदन कुणाचं. मी मधूनच कुकरची शिट्टी बंद करून येते. भांडण पूर्ववत झालं म्हणून मला तरी बरंच वाटत होतं.

गेल्या महिन्यात आलेलं कार्ड मात्र वेगळं होतं. सिस्टरांनी लिहिलं होतं, "निघताना मी तुमच्याकडे पत्र मागितलं नव्हतं. पत्तिरमा इरुंग म्हनजे सांभाळून राहा, सुखरूप राहा. आमच्याकडे घरातून कुनी निघालं किंवा मागे राहिलं की असं म्हनतात. पत्र आनि हा शब्द आमच्या लिपीत सारखेच लिहितात, म्हनून तुमचा घोटाळा झाला. तुम्ही लिहीन म्हनालात, मग मी गप्प बसले. आता भाच्याने शोधून सांगितलं की हा शब्द तुमच्या संस्कृतातला भद्र आहे. आमच्याकडे आल्यावर भ चा प झाला. घ्या, एक तुमचा."

मला वाटलं, आता तात्या सोसायटीत पेढे वाटणार. पण त्यांनी मला ते कार्ड पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "लिहून घे." मी हात पुसले आणि घेतलं लिहून.

"सिस्टर, सा. न. भद्र आमचा होता हे खरं. पण तो आमच्याकडे पोथ्यांत पडून आहे. बोलण्यात आम्ही फक्त अभद्र तेवढं ठेवलं, ते घराघरांत रोज वापरतो. तुम्ही भद्र दारात उभं राहून माणसाला म्हणता. वापरणाऱ्याचा शब्द. तो तुमच्याकडेच असू द्या."

मी विचारलं, "एवढंच?" ते म्हणाले, "एवढंच. जागा राहिली तरी चालेल."

त्या कार्डाला अजून उत्तर आलेलं नाही. बहिणीचं दुखणं वाढलं असेल, किंवा टपाल. तात्या रोज दुपारी खाली टपालपेट्यांपाशी जाऊन येतात. काल मी म्हटलं, "तात्या, आलं तर कुणीतरी वर आणून देईल, सारख्या खेपा कशाला?" चपला शोधत ते म्हणाले, "भ चा प व्हायला किती शतकं लागली असतील, सूनबाई. कार्डाला पंधरा दिवस लागले तर काय झालं? मी आपला सहज बघून येतो."

मी पोळी तव्यावर टाकत होते. तिथूनच सांगितलं, "कठडा धरून उतरा."