सासूबाईंची रायफल

जावयाने सासूबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हा. सगळे खुर्च्यांवर बसले होते आणि त्या एकट्या जमिनीवर. मांडीवर एक जुनी लष्करी रायफल, हातात फाटक्या बनियनची चिंधी, आणि शेजारी वाटीत तेल. बाई मान खाली घालून त्या रायफलीला तेल चोपडत होत्या.

जावयाचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. वाटीतलं तेल स्वयंपाकघरातलं आहे हे त्याच्या नाकाने लगेच ओळखलं.

"मावशी, हे तेल सुकलं की चिकटतं. मी मशीनचं तेल आणून देतो."

उत्तर होणाऱ्या सासऱ्यांनी दिलं. "माझ्या वडिलांनी लढाईत वापरलेली रायफल आहे ही. तिला बायकांच्या मशीनचं तेल? तेल ते तेल! मी सांगितलंय तेच लावते ती. या घरात तेवढं एकच काम तिला धड जमतं."

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. मग जावईही हसला. मुलगी अजून मिळायची होती.

सासऱ्यांचा राग कायम नाकावर. बायकोने केलेल्या भाजीत मीठ जास्त, कपड्यांची घडी वाकडी, दार लावलं तर आवाज मोठा. दर रविवारी मात्र ते रायफलीच्या नळीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हं." त्या एका "हं"वर बाईंनी सगळा संसार ओढला.

सासरे गेले. मेहुण्याने आजोबांची रायफल सैनिकांच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. संग्रहालयाने अट घातली, की आत काडतूस नाही हे दिसायला हवं, बोल्ट उघडून आणा. बोल्ट म्हणजे दांडी धरून मागेपुढे सरकवायचा लोखंडी भाग. तो जागचा हलेना. मेहुण्याने जावयाला बोलावलं.

"भावोजी, तुमच्या हातात जादू आहे म्हणे. की ती पडदे शिवणाऱ्यांपुरतीच?"

जावयाने आधी एक बारीक लाकडी काठी नळीच्या तोंडातून आत सोडली, तोंडापाशी तिच्यावर खूण केली आणि मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहिली. टोक थेट बोल्टपर्यंत पोहोचत होतं. म्हणजे आत काही नव्हतं. मग त्याने लाकडी दस्ता सोडवला आणि फटींमध्ये रॉकेलचे थेंब सोडले.

"त्यापेक्षा हातोडा घाला की एकदाचा!" मेहुणा वैतागला.

"घालतो. मग संग्रहालयाला दोन तुकडे द्या."

बरेच दिवस हे चाललं. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून स्क्रूंची ताटली सांभाळायच्या. "तुटणार नाही ना हो, जावईबापू?" एवढंच अधूनमधून विचारायच्या. जावई रॉकेल पुसायचा, गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने लोखंड शेकायचा आणि लाकडी हातोडीने दांडीला हलकेच टिचक्या द्यायचा, एकदा खालून, एकदा वरून. शेवटी दांडी कुरकुरली, उचलली गेली आणि बोल्ट मागे सरकला. त्याच्यावर सरसासारखा तपकिरी, चिकट थर होता.

"कशानं धरलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"गंज," जावई म्हणाला.

मेहुण्याने नखाने थर खरवडला आणि हुंगला. "गंज कसला! खाण्याचं तेल आहे हे. आई, तू यावर तळणाचं तेल ओतत होतीस?"

"तुझे बाबाच म्हणायचे..."

"बाबांच्या नावावर खपवू नकोस. आजोबांची एवढी एकच वस्तू होती घरात, तीही तुला सांभाळता आली नाही."

जावयाने पकड खाली ठेवली. "माझ्यासमोर म्हणाले होते ते. मशीनचं तेल आणतो म्हटलं, तर मलाच उडवून लावलं."

"तुम्ही मध्ये पडू नका, भावोजी. गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं."

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. आता त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता, एकच.

"माझंच चुकलं असेल," त्या म्हणाल्या. नवऱ्याशी बोलताना असायचा तोच आवाज. मग हातातल्या चिंधीने त्या मुलाचं बरबटलेलं बोट पुसायला गेल्या. त्याने हात मागे घेतला.

संग्रहालयाने रायफलीखाली पाटी लावली. वर आजोबांचं नाव आणि त्याखाली, ही ठेव त्यांच्या मुलाने जिवापाड जपली, असं. मुलाने म्हणजे सासऱ्यांनी. मेहुण्याने घरी येऊन पाटीच्या फोटोतली ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई आत गेल्या आणि मुलीला फोन करून म्हणाल्या, "मला घेऊन जा." भांडण नाही, रडारड नाही. सामान एका पिशवीत मावलं.

सध्या त्या जावयाच्या दुकानामागच्या खोलीत राहतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. मुलाचा फोन आला की "बरी आहे" एवढं सांगतात आणि फोन मुलीच्या हातात देतात.